दोन बोटं मागे

फळीवरच्या पेल्यातला चमचा किणकिणला.

आधी एकदा, मग लागोपाठ. घरात इतकं शांत होतं की झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकू येत होता, आणि मी कुणाच्या तरी पँटची खालची शिवण उसवत बसले होते. चमचा वाजला की समजायचं, आमचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आलाय. इंजिनाचा आवाज त्यानंतर येतो. एरवी ही किणकिण ऐकून माझा जीव सुपाएवढा होतो. त्या बुधवारी मात्र मी हातातली पँट खाली टाकली. नवरा सकाळी दूध डेअरीत ट्रक दाखवायला गेला होता. ट्रक पास झाला असता तर तिथेच थांबवून त्याला सगळे रस्ते दाखवणार होते, म्हणजे यायला संध्याकाळ. आणि घड्याळात तर अजून बाराही वाजले नव्हते.

आमच्या ट्रकचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. त्याने एकदाच आपटलं, आणि तसंच राहू दिलं.

"नापास?" मी दारातूनच विचारलं.

"शाळेतसुद्धा इतक्या लवकर नापास नव्हतो होत," तो म्हणाला. "तिथे निदान पेपर तरी लिहू द्यायचे."

हसला, पण चप्पल काढताना बराच वेळ खाली बघत राहिला.

डेअरीचं हे काम म्हणजे काही मोठी लॉटरी नव्हती. सकाळी निघायचं, ठरलेल्या थांब्यांवरून दुधाचे कॅन उचलायचे, दुपार कलली की परत. पण सध्या तो लांबच्या पल्ल्याला असतो. तीन आठवडे बाहेर, तीन दिवस घरी. आमचं बाळ आठ महिन्यांचं. बाप घरात आला की पहिले दोन दिवस ते त्याला बघून भोकाड पसरतं, तिसऱ्या दिवशी त्याच्या मिशा ओढतं, आणि चौथ्या दिवशी सकाळी बाप नसतो. मुलगी पाच वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. ती दर खेपेला बापाचं बोट धरून त्याला घर दाखवते. "बाबा, कपाट आता इथे असतं हं. हा नळ उलटा फिरवायचा. हे तुमचं ताट." मला आतून हसू येतं आणि मग एकदम येईनासं होतं. स्वतःच्या घरात माणूस पाहुणा व्हावा तो किती!

म्हणून ते दुधाचं काम हवं होतं. बस, एवढंच.

"काय म्हणाले पण?"

"पुढचा डावा टायर बाहेरच्या काठाने खाल्लाय म्हणाले. उजवा जेमतेम चालेल. त्यांचा तो तपासनीस आहे ना, बारीक, खिशात खडू ठेवणारा, तो म्हणाला, असा टायर भर रस्त्यात फुटला तर दूध रस्त्यावर. मी म्हटलं, नवा टायर घालून आणतो. तर म्हणे, टायर बदलून आणू नका. रोग काढून आणा."

"कधीपर्यंत?"

"शनिवारी दहाला. नाहीतर पुढच्या नंबरचा ट्रक घेणार."

बुधवार तर निम्मा उरकलाच होता. मी बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "मामांना बोलाव."

"तेच," तो म्हणाला, आणि मान खाजवली. तो मान खाजवतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं. तेव्हा मला वाटलं, मामांची बोलणी खावी लागणार म्हणून असेल.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. ट्रकच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं फिटर होते, आता घरी असतात, म्हणजे घरी बसवत नाही म्हणून सगळ्यांच्या घरी असतात. हा ट्रक त्यांनीच निवडला, त्यांनीच नटबोल्टागणिक उघडून पुन्हा उभा केला, आणि किल्ली भाच्याच्या हातात देताना एकच अट घातली होती: याला माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा पाना लागायचा नाही. आम्ही हो म्हणालो. तेव्हा ते काही अवघड वाटलं नव्हतं.

चारच्या सुमारास ते आले. हत्यारं शाळेच्या जुन्या दप्तरात. दप्तरावर अजून त्यांच्या मुलाचा रोल नंबर आहे, आणि तो मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे.

"कोण म्हणतो नापास?" दारातूनच सुरुवात. "कुठे शिकला तो? हात काळे झालेत का कधी त्याचे?"

"मामा, आधी चहा," मी म्हटलं.

"चहा गाडीपाशी आण, सूनबाई. पेशंट बाहेर आहे आणि डॉक्टर स्वयंपाकघरात, हे काही बरं दिसत नाही."

त्यांनी इंजिन उघडलं नाही, गाडी चालवूनही बघितली नाही. पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले, डोळे मिटले आणि टायरवरून तळहात फिरवला. बाहेरून आत, मग आतून बाहेर. भिंगरी त्यांच्या शेजारी तशीच उकिडवी बसली आणि तिनेही डोळे मिटले.

"ठेव हात. असा ने. कसं लागतं?"

"गुळगुळीत."

"आता उलटा आण."

"टोचतं! करवतीसारखं!"

"शाब्बास. म्हणजे टायर नुसता गोल फिरत नाहीये, आडवा घासतोय. हे बघ चिमणे, टायर खोटं बोलत नाही. मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही काठांना झिजला तर हवा कमी. मध्येमध्ये वाट्यांसारखे खळगे पडले तर शॉकअप गेले, चाक उड्या मारत चाललंय. आणि एकच काठ झिजला तर चाक सरळ उभं नाही, नाहीतर सरळ चालत नाही."

भिंगरी तडक उठली. मग घरात पळाली आणि दारातल्या सगळ्या चपला छातीशी धरून घेऊन आली.

"आता या बघा."

मामांनी खरंच बघितल्या. एकेक उलटी करून, अंगठा फिरवून. "ही तुझी. पुढून झिजलीय, म्हणजे तू चालत नाहीस, नुसती पळतेस. ही तुझ्या बापाची. टाच शाबूत. हा बसून असतो. आणि ही..." माझी चप्पल त्यांनी जरा जास्त वेळ धरली. "उजव्या बाजूला जोर. बाळ उजव्या कडेवर असतं, काय गं?"

"हो," मी म्हटलं. "डाव्या हाताने बाकीचं सगळं होतं."

"मधून मधून कड बदलत जा. माणसाला पाटे बदलून मिळत नाहीत."

पाटे म्हणजे ट्रकच्या पोटाखालच्या त्या पोलादी पट्ट्यांच्या चवडी. एकावर एक रचून मधून बोल्टाने आवळलेल्या. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर असतं आणि त्यांनाच दोन्हीकडची चाकं जोडणारा एक्सल बांधलेला असतो. त्या दिवशी पाट्यांचा विषय निघाला तो एवढाच.

गुरुवारी मामा सकाळी सातलाच हजर. जॅक लावून पुढची चाकं उचलली. वर-खाली धरून हलवली, किंगपिन ठीक. डावी-उजवीकडे हलवली, सांधे ठीक. बेअरिंग ठीक. शॉकअप ठीक, हवा बरोबर. मग चाकं पुढून किती आत आहेत आणि मागून किती बाहेर, ते खडूच्या रेघा मारून मोजलं. केसाइतकाही फरक नाही. मामांनी जेवणाच्या ताटावर बसून पोळीचा तुकडा मोडला आणि तो तोंडात घालायचा विसरून गेले.

"चालवताना कशी लागते?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे ओढते जरा," नवरा म्हणाला. "स्टिअरिंग थोडं डावीकडे धरून ठेवावं लागतं. आता सवय झालीय, लक्षातही येत नाही."

"कधीपासून?"

"थंडीपासून असेल."

"थंडीत काय झालं होतं? कुठे आपटलीस? खड्ड्यात घातलीस? काही तुटलं-बिटलं?"

"नाही बुवा," नवरा म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं.

मी बाळाच्या तोंडात भाताचा घास घातला. बाळाने तो बाहेर काढला. मी पुन्हा घातला. मला माहीत होतं.

थंडीत एका संध्याकाळी भिंगरीच्या शाळेचा कार्यक्रम होता. बाप सकाळपर्यंत पोचणार, असं तिने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. आणि पहाटे फोन आला, "मागचा डावा पाटा तुटलाय, घरापासून चार तासांवर आहे." मामांना बोलवायचं म्हणजे त्यांनी बसने यायचं, पाटा शोधायचा, तपासायचा, आणि मामा घाई करत नाहीत. त्याने रस्त्याकडेच्या एका फिटरला धरलं, भंगारवाल्याकडून जुन्या पाट्यांची चवड मिळवली, आणि दोघांनी मिळून ती बसवली. नंतर मला म्हणाला, "मामांना सांगू नकोस. मनाला लावून घेतील." मी नाही सांगितलं. पण खोटं बोलायचं म्हणून नव्हे. पुढचा टायर आणि मागचा पाटा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच्याही आलं नसावं. तरी त्याने मान मात्र खाजवली होती.

संध्याकाळी मी त्याला एकटं गाठून म्हटलं, "सांगून टाक."

"पाटा मागे आहे गं. रोग पुढे आहे."

"माझ्याकडे येतात ना झंपर, पुढचा काठ वर ओढला जातो म्हणून. बाया पुढून उसवून बघतात, पुढेच टाचण्या लावून आणतात. आणि दहातल्या सात वेळा चूक पाठीत निघते."

"ट्रक म्हणजे झंपर नाही."

"बरं," मी म्हटलं. "राहिलं."

शुक्रवार उजाडला. मामा आले ते चहालाही थांबले नाहीत. दप्तरातून सुतळीचं रीळ काढलं. नवरा गाडीखाली पडून कसले तरी नट तपासत होता, फक्त पाय बाहेर. मामांनी सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं.

"मागच्या उजव्या चाकाच्या बरोबर मध्यावर धर. हलू नकोस."

मी धरलं. त्यांनी पुढच्या उजव्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणली आणि तिथे गाठ मारली. मग आम्ही डावीकडे आलो. मी मागच्या चाकाचा मध्य धरला, त्यांनी ताणली. गाठ पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत पोचेना.

"नीट धर, सूनबाई."

"नीटच धरलीय."

पुन्हा उजवीकडे, गाठ बरोबर. पुन्हा डावीकडे, कमी. तिसऱ्यांदा भिंगरीला माझं टोक धरायला लावलं, मला पुढे उभं केलं आणि स्वतः मध्ये वाकून सुतळीची रेघ बघितली. कमीच. मामांनी मधल्या फटीत बोटं घातली. दोन बोटं मावली.

"डावं मागचं चाक दोन बोटं मागे आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "एक्सल तिरका बसलाय. मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलतायत, आणि हा बिचारा पुढून सारखा सावरून धरतोय. म्हणून पुढचा टायर घासतो. रोग पुढे नाहीच. मागे आहे."

मी आनंदाने काहीतरी बोलणार होते. पण मामांचा चेहरा पाहिला.

ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"हे पाटे मी बसवलेत," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी, या हातांनी. त्याला म्हणालो होतो, डोळे मिटून चालव." हत्यारांच्या दप्तरावरच ते टेकले. दप्तर चपटं झालं आणि रोल नंबर दिसेनासा झाला. "म्हणजे दोन वर्षं हा पोरगा तिरक्या गाडीत फिरतोय. आणि मी जगाला अट घालत होतो, माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हात गेले, सूनबाई. गेलेले कळले पण नाहीत."

गाडीखालचे पाय हलायचे थांबले होते.

मी बाळाला कडेवर घेऊन त्या पायांपाशी गेले आणि पायाच्या अंगठ्याने त्यातल्या एकाला टोचलं. काही नाही. पुन्हा टोचलं. पाय नुसता आखडला. मग मी सरळ लाथ घातली. लग्नाच्या सात वर्षांतली पहिली. अजून मला तिचा पश्चात्ताप नाही.

"मामा," गाडीखालून आवाज आला. "ते पाटे तुमचे नाहीत."

"काय?"

"डावीकडचे. थंडीत तुटले होते. मी दुसरे घातले."

"बाहेर ये."

"इथूनच सांगतो."

"बाहेर ये म्हणतो ना, गाढवा!"

तो सरपटत बाहेर आला. कपाळावर ग्रीस, डोळे चोरट्या मांजरासारखे. मामांनी आधी एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की मला वाटलं दोन वर्षांपूर्वीपासूनचा असेल. मग उठून उभे राहिले आणि भडकले.

"मी इथे म्हातारा होऊन बसलो! माझे हात गेले म्हणून मी, मी रडायच्या बेतात! आणि तू खाली पडून ऐकतोयस! काल विचारलं तेव्हा तोंडात काय होतं?"

"पोळी," नवरा म्हणाला.

"वर तोंड करून बोलतोस?" असं म्हणत मामा गाडीखाली शिरलेसुद्धा. पासष्टीचा माणूस, पण उंदरासारखा गेला. आतून त्यांचा आवाज येऊ लागला, आणि त्या आवाजात राग होता पण खुशीही लपत नव्हती. "अरे, हे उलटे बसवलेत! मधल्या बोल्टाचं भोक मध्यावर नाहीये या पाट्यांना. पुढची बाजू दोन बोटं आखूड असते. याला पुढचं-मागचं असतं, बाबा! शर्ट पाठमोरा घातल्यासारखं केलंयस! कोण होता तो फिटर?"

"म्हणाला कसेही बसतात."

"बसतात! बसतात तर! माणूस ताटातसुद्धा बसतो! मला फोन का नाही केलास? एवढी कसली घाई होती?"

नवऱ्याने कपाळावरचं ग्रीस आणखी पसरवलं. भिंगरी खाली वाकली, हात जमिनीला टेकले आणि गाडीखाली डोकं घालून म्हणाली,

"कारण मी झाड होते."

मामा बाहेर आले. "काय होतीस?"

"झाड. शाळेत. बाबा येणार होते ना बघायला, म्हणून त्यांनी पटकन लावला."

"आला का?"

"हो. काळे हात घेऊन. टाळ्या वाजवल्या तेव्हा पुढच्या काकूंच्या साडीला डाग पडला."

मामांनी भाच्याकडे बघितलं. भाच्याने टायरकडे. "आणि तुला झाड म्हणून बोलायचं काय होतं?" मामांनी विचारलं.

"काहीच नाही. नुसतं उभं राहायचं होतं. पण बाबा दिसले आणि मी हलले. बाई ओरडल्या."

"सांगायचं ना, वारा आला म्हणून!" मामा म्हणाले आणि हसत सुटले. हसता हसता डोळे पुसले, तेही काळ्याच हातांनी. मग पुढे सगळा दिवस ते घुबडासारखे दिसत होते, आणि आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही.

काम मात्र सोपं नव्हतं. ट्रकचं मागचं अंग लाकडी ठोकळ्यांवर उचलायचं, चाकं काढायची, एक्सलला बांधणारे मोठे बोल्ट सोडवायचे. गंजून ते असे घट्ट झाले होते की नवरा पान्यावर उभा राहून उड्या मारत होता.

"जेव जरा जास्त," मामा म्हणत होते. "सूनबाई, याला उपाशी ठेवतेस का?"

"तीन आठवडे बाहेर असतो, मामा. त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नका."

दुपारी पहिला बोल्ट किंचाळून सुटला. चवड बाहेर आली तेव्हा ती आम्ही चौघांनी धरली होती, म्हणजे भिंगरीने नुसता हात लावला होता, पण जोर सगळ्यांत जास्त तीच काढत होती. मामांनी चवड फिरवून योग्य तोंडाने आत सरकवली, बोल्ट बरोबर खोबणीत बसला आणि खट्ट असा आवाज झाला. मामा म्हणाले, "ऐकलंस? घरी पोचला." तेवढ्यात अंगणातल्या चादरीवर बसवलेलं बाळ कधी सरपटत आलं कुणाला कळलंच नाही. त्याने बापाच्या ग्रीसने माखलेल्या पोटरीला मिठी मारली आणि तोंड काळं करून घेतलं. रडलं नाही. नवरा पाना हातात धरून तसाच उभा राहिला. पाय हलवेना. मामा दोनदा ओरडले, "आवळ की रे!" तरी हलेना.

मीच गेले आणि बाळाला सोडवलं. नाहीतर बोल्ट आवळायचे राहिलेच असते.

ऊन उतरायच्या आत सुतळी पुन्हा ताणली. उजवीकडे गाठ चाकाच्या मध्यावर. डावीकडे चाकाच्या मध्यावर. मामांनी फटीत बोट घालायला बघितलं आणि बोट घालायला जागाच नव्हती. खाल्लेला टायर काढून पुढे स्टेपनी चढवली. मामांनी ट्रक रस्त्यावर एक चक्कर फिरवून आणायला लावला आणि आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळले. "नवं बसवलेलं एकदा हललं की सैल पडतं," ते म्हणाले. "माणसांनाही थोडं चालवून मग आवळावं लागतं." हे ते नवऱ्याच्या डोक्यात टपली मारून म्हणाले, म्हणून मी समजले की माफी मिळाली.

शनिवारी आम्ही पाचही जण ट्रकच्या केबिनमध्ये बसून डेअरीत गेलो. मामा म्हणाले होते, "मी येणार. त्या खडूवाल्याला बघायचंय." भिंगरी म्हणाली, "मग मी पण." आणि बाळाला कुठे ठेवणार?

तपासनीस खरंच बारीक होता आणि त्याच्या खिशात खरंच खडू होता. आमच्या वरातीकडे बघून त्याने भुवया उंचावल्या. त्याने आवारातल्या सिमेंटच्या फरशीवर नळीने पाणी मारलं, ट्रक स्वतः चालवायला घेतला, ओल्यातून सरळ कोरड्यावर नेला आणि उतरून उमटलेल्या ओल्या पट्ट्यांवर वाकला. आमच्या ट्रकला मागे दोन्ही बाजूंना जोडीजोडीने चाकं आहेत. गाडी सरळ असेल तर पुढच्या चाकाच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना मागच्या जोडीच्या पट्ट्या सारख्याच उमटायला हव्यात. तिरकी असेल तर सगळ्या एका बाजूला सरकतात. तो डाव्या पट्ट्यांवर गेला. उजव्यांवर गेला. खडूने काहीतरी खूण केली. पुन्हा डाव्यांवर गेला. मी नवऱ्याचा हात शोधत होते, तर तो आधीच माझ्या पदराचं टोक मुठीत धरून उभा होता.

"स्टिअरिंग सोडलं होतं मी," तपासनीस म्हणाला. "सरळ गेली."

नवऱ्याच्या मुठीतून माझा पदर सुटला.

"रोग काय होता?"

नवऱ्याने तोंड उघडलं, पण मामा पुढे झाले. ताठ. इस्त्रीचा शर्ट, डोळ्याभोवती कालच्या ग्रीसची अजून थोडी छटा.

"मागचा पाटा उलटा बसला होता. घाईत."

"कसली एवढी घाई?"

"घरी यायची," मामा म्हणाले.

तपासनीसाने केबिनच्या खिडकीतून लोंबणाऱ्या भिंगरीकडे बघितलं, माझ्या कडेवरच्या बाळाकडे बघितलं, मग कागदावर सही करून तो नवऱ्याच्या हातात दिला. "सोमवारी पहाटे पाचला. आणि दुधाच्या गाडीत माणसं आणायची नाहीत."

परतीच्या वाटेवर मामा बसल्या बसल्या पेंगले. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं, डाव्या मांडीवर, मी मुद्दाम तिकडे घेतलं होतं. नवऱ्याने एकदा स्टिअरिंगवरचे दोन्ही हात क्षणभर उचलून मला दाखवले. ट्रक सरळ चालला होता. मी डोळे वटारले, त्याने हात परत ठेवले, आणि मग आम्ही दोघंही लहान मुलांसारखे खुसखुसलो.

भिंगरी आमच्या मध्ये बसून बोटांवर काहीतरी मोजत होती.

"बाबा सोमवारी येणार घरी?"

"येणार," मी म्हटलं.

"मंगळवारी?"

"मंगळवारीपण."

"आणि बुधवारी? गुरुवारी?"

"रोज गं. सकाळी जाणार, दुपारी येणार. रोज."

तिची बोटं संपली. तिने ती मिटली, पुन्हा उघडली आणि त्यांच्याकडे बघत बराच वेळ गप्प बसली. ती इतका वेळ गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता आनंदाने ओरडेल. मामांना उठवेल. पण तिचा चेहरा गोंधळलेला होता, खेळण्यातलं काहीतरी कुठे ठेवलं ते आठवत नसावं तसा.

"आई," ती म्हणाली, "बाबा रोज येणार, तर मग आपण त्यांची वाट कधी बघायची?"